पहिल्या फेरीचा नारळ

"आधी नारळ फोडू, मग गाडी काढू," ढमढेरे म्हणत होता आणि डेपो मॅनेजर फाटकापाशी उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते.

निवृत्ती ढमढेरे माझा कंडक्टर. माणूस देवभोळा. दसऱ्याला आमची बस वर्कशॉपमध्ये पडून होती, त्यामुळे तिची पूजा राहिली होती, आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो झेंडूचे हार, हळद-कुंकू आणि शेंडीवाला टपोरा नारळ घेऊन हजर. चाकांना कुंकू लागलं, पुढच्या काचेवर हार चढला, नारळाची वेळ आली आणि तेवढ्यात मॅनेजर ओरडले. बाहेर पालिकेच्या ताम्हणकर मॅडम, वार्ताहर, कॅमेरेवाले, सगळे खोळंबले होते.

"पहिली फेरी मारून आल्यावर फोडू. देव काय पळून जातोय का?" मी म्हणालो.

ढमढेरेने तोंड वाकडं केलं. त्याने उरलेल्या माळेचं वेटोळं केलं, ते माझ्यासमोर काचेच्या कडेला ठेवलं आणि त्यात तो नारळ बसवला. ड्रायव्हरजवळ सुटं काही ठेवू नये असा आमचा नियम. पण देवाच्या नारळाला 'सुटं सामान' कोण म्हणणार? मी नमस्कार केला आणि गाडी सुरू केली.

एवढी गर्दी कशासाठी, ते सांगतो. आमच्या शहरातल्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी लेन होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आत फक्त बस. बाहेरच्या रस्त्यावर मात्र डंपर, कंटेनर, टेम्पो आणि त्यांच्या फटीफटीतून निघणारे मोटारसायकलवाले. रोज कुणीतरी पडायचं. लेनमध्ये आम्ही दहा मिनिटांनी एक बस नेणार आणि कठड्यापलीकडे माणसं चिरडत जाणार, हे काही बरं नाही, मोटारसायकली बसच्या लेनमध्ये येऊ द्या, अशी मागणी निघाली होती. तिकडून मोर्चे आणि इकडून आम्हा ड्रायव्हरांचा विरोध, असं वर्षभर चाललं. शेवटी पालिकेने ठरवलं की महिनाभर येऊ देऊन बघायचं. काही विपरीत घडलं तर त्याच दिवशी बंद.

विरोध करणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आणि मागणी करणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मुलीचा, वैजयंताचा.

घरात दोघांचं एकाच ताटात जेवण आणि बाहेर एकमेकांविरुद्ध घोषणा. माझी बायको इंदुमती म्हणायची, "तुम्ही दोघं निवडणुकीला उभे राहा, मी कुणालाच मत देणार नाही." वैजू कारखान्यात फिटर होती. रोज याच रस्त्याने मोटारसायकलवर जायची. आदल्या पावसाळ्यात एका डंपरने तिला कठड्याला दाबलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं, त्यावर निभावलं. दवाखान्यात पडल्या पडल्याच तिने या मागणीचं काम सुरू केलं. माझ्याच वळणावर गेलेली, दुसरं काय.

मी तिला एकच सांगत आलो होतो. डंपर परवडला, बस नको. भरलेली बस एकदा अंगावर आली की हाडं जोडायला माणूस उरत नाही. ती म्हणायची, "आबा, तुम्हाला तुमच्या बिल्ल्याची काळजी आहे." मी म्हणायचो, "आहेच. का नसावी?"

आमच्याकडे सबंध नोकरी विनाअपघात केलेल्या ड्रायव्हरला निवृत्तीच्या दिवशी चांदीचा बिल्ला देत. मॅनेजर स्वतः छातीवर लावत. डेपोत असे बिल्लेवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी, सोपान भेगडे, सबंध नोकरीत कुणाच्या सायकलचा आरसासुद्धा न फोडलेला माणूस. माझी निवृत्ती माघात होती. दसरा ते माघ, मध्ये उरलं होतं कितीसं? आणि नेमकं आताच या टोळधाडीला आत सोडायचं होतं.

तर ती पहिली फेरी. पुलाच्या अलीकडच्या थांब्यापाशी कठड्याला फाटक केलं होतं, तिथून मोटारसायकली आत यायच्या. बसला कुणी ओलांडायचं नाही. एकतर बसच्या पुढे राहायचं, नाहीतर मागे. मी थांब्यावर माणसं भरून घेतली. गाडी गच्च भरली, दारात पाय ठेवायला जागा नाही. ढमढेरे मागे तिकिटं फाडत अडकलेला. माझ्यासमोरून मोटारसायकलींची रांग आत शिरली. भडक रंगाचे टॉप, तोंडाला रुमाल, पाठीला डबे. शेवटी पिवळं हेल्मेट.

ती वैजू होती. मेंढरं पुढे घालून धनगर मागे राहतो तशी ती मुद्दाम सगळ्यांत मागे थांबली होती, कुणी रेंगाळू नये म्हणून. म्हणजे माझ्या आणि मोटारसायकलींच्या मध्ये फक्त ती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम समोर बघत राहिलो. सकाळी आम्ही एकमेकांशी न बोलता चहा घेतला होता.

रेल्वेवरचा आमचा पूल चढायला सोपा, उतरायला अवघड. उतार लांब, आणि तो संपतो जकात नाक्याच्या चौकात. तिथे दोन्ही बाजूंनी सकाळची वाहतूक तुंबलेली असते. पुलाच्या माथ्यावर एक गतिरोधक होता. तो ओलांडताना गाडीने हिसका घेतला, वेटोळ्यातला नारळ उडाला, माझ्या गुडघ्यावर आपटला आणि खाली गेला.

मी म्हटलं, गेला तर गेला, पुढच्या थांब्यावर बघू. गाडी उताराला लागली. मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल खाली जाईना.

पुन्हा दाबलं. लाकडावर पाय ठेवावा तसं लागलं. नारळ पेडलच्या खाली जाऊन बरोब्बर अडकला होता. मी टाचेने ढकलून पाहिला, तो आणखी घट्ट बसला. वाकावं तर रस्ता दिसणार नाही. हँडब्रेक ओढला. रिकामी गाडी असती तर कदाचित थांबली असती. ही भरलेली, तीही उतारावर, ती थोडी कुरकुरली आणि पुन्हा सुटली. गिअर खाली पाडला, इंजिन किंचाळलं, वेग जरा मोडला, पण गाडी उतरतच राहिली. दोन्ही बाजूंना कठडे. समोर माझी मुलगी.

इथे आमच्या डेपोची एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा ड्रायव्हरांची हॉर्नची एक बोली होती. कुठे लिहिलेली नाही, कुणी शिकवत नाही, जुन्याचं ऐकून नवा शिकतो. एक आखूड, एक लांब म्हणजे रामराम. दोन लांब म्हणजे पुढे तिकीट तपासनीस आहे. आणि एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड, असं सारखं वाजलं की समजायचं, ब्रेक नाही, वाट मोकळी करा. हा शेवटचा हॉर्न मी सगळ्या नोकरीत दुसऱ्याच्या गाडीचा एकदाच ऐकला होता. स्वतः कधी वाजवला नव्हता.

हात आपोआप गेला. एक लांब, दोन आखूड. वाजवताना कळत होतं की याचा काही उपयोग नाही. समोर बस नव्हती, समोर मोटारसायकली होत्या. मागून हॉर्न वाजला की मोटारसायकलवाला काय करतो? दचकतो, मान वळवतो, ब्रेक दाबतो. तेवढं झालं असतं तरी अनर्थ व्हायला पुरे होतं.

वैजूने मान वळवली नाही. तिचा डावा हात वर गेला आणि तिने पंजा पुढे झटकला, पुढे चला म्हणून. आम्ही खिडकीतून करतो तसाच. तिच्या गाडीतून धूर निघाला आणि ती सुटली. पुढची रांगही सुटली. एकानेही ब्रेक दाबला नाही, एकानेही मागे पाहिलं नाही. अख्खी रांग उतारावरून खाली पळत होती आणि तिच्यामागे मी, हॉर्नवरचा हात न काढता.

मधल्या एका टप्प्यावर माझी गाडी तिच्यापेक्षा जास्त धावत होती. तिच्या गाडीची नंबरप्लेट माझ्या काचेच्या खाली गेली, दिसेनाशी झाली. नुसतं पिवळं हेल्मेट दिसत होतं. मी खंडोबाचं नाव घेतलं. मग ते हेल्मेट पुढे सरकलं, पुन्हा नंबरप्लेट दिसली.

मागे माणसं ओरडायला लागली होती. ढमढेरे कसाबसा लोकांच्या खांद्यांवरून पुढे आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला.

"तुझा देव पायाखाली अडकलाय," मी म्हणालो. "काढ."

तो पालथा पडला आणि माझ्या पायांत शिरला.

चौकात सिग्नल लाल होता. डावीकडून पाण्याचा टँकर आणि त्याच्यामागे शाळेच्या पोरांच्या दोन व्हॅन निघाल्या होत्या. आणि तेव्हा मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. पुढचे मोटारसायकलवाले सिग्नल तोडून चौकात घुसले आणि फाकले, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. त्यांनी आपल्या गाड्या टँकरसमोर आणि रिक्षांसमोर आडव्या घातल्या आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला. व्हॅन त्याच्यामागे थांबल्या. वैजू सगळ्यांत शेवटी चौकात पोचली आणि झटकन डावीकडे वळली. माझ्यापुढे चौक मोकळा पडला, दसऱ्याला अंगण झाडून ठेवावं तसा.

मी चौक पार केला. पलीकडे सपाट रस्ता. ढमढेरेने शेंडी धरून नारळ ओढला, पेडल खाली गेलं, आणि गाडी थांबली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. मी खाली उतरलो आणि चाकाला टेकून बसलो. वैजू धावत आली. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले. तिने आधी माझे हात चाचपून पाहिले.

"तुला तो हॉर्न कुणी शिकवला?" मी विचारलं.

"विसरलात का? लहानपणी तुमच्याशेजारी बॉनेटवर बसून मी सगळे हॉर्न शिकले, हा तेवढा तुम्ही तोंडी सांगितला होतात. घरी तोंडाने वाजवून आईला पिडायचे." मग म्हणाली, "बसच्या वाटेत जायचं तर बसवाल्यांची बोली यायला पाहिजे ना. कारखान्याच्या मैदानावर सगळ्यांना पाठ करून घेतलंय. हा हॉर्न ऐकला की मागं बघायचं नाही, पुढं पळायचं आणि चौक मोकळा करायचा."

मी तिचं हेल्मेट हातात घेतलं. मग म्हणालो, "एवढं धूड अंगावर येत होतं, एकदा तरी मागं बघावं वाटलं नाही तुला?"

"मागं तुम्ही होतात ना," ती म्हणाली.

डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. खरं सांगतो, मला बिल्ल्याची काळजी कधीच तेवढी नव्हती. वर्षभर रात्री डोळे मिटले की मला दिसायचं ते एकच. बसची लेन, माझी बस आणि पुढच्या चाकाखाली पिवळं हेल्मेट. ते कुणाला सांगणार? म्हणून बिल्ल्याच्या नावाने भांडत होतो.

दुपारी डेपोत चौकशी बसली. ताम्हणकर मॅडम, मॅनेजर, आणि खोलीच्या आत-बाहेर आम्ही सगळे ड्रायव्हर. वैजू आणि तिचे चार-पाच लोक भिंतीपाशी उभे. आत जाण्याआधी हारुण मुलाणीने मला बाजूला घेतलं. हारुण माझा नोकरीतला सर्वांत जुना मित्र, संघटनेचा पुढारी.

"नारळाचं कुणाला माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "तू एकच वाक्य बोल. गाड्या समोर आल्या म्हणून असं झालं. बिल्ला राहील आणि लेनही आपली राहील."

त्याचं खोटं नव्हतं. त्या एका वाक्यावर ते सगळं प्रकरण मिटलं असतं. आणि नारळाचं नाव निघालं तर केबिनमध्ये सुटं सामान ठेवल्याचा ठपका माझ्यावर. ठपका असला की बिल्ला नाही, मग अपघात होवो न होवो.

मॅडमनी विचारलं, "भेगडे, नक्की काय झालं?"

मी पिशवीतून नारळ काढला आणि टेबलावर ठेवला. तो गडगडत जायला लागला, मॅनेजरांनी धरला.

"हा ब्रेकखाली होता," मी म्हणालो. "पूजेचा आहे. केबिन माझं, तेव्हा जबाबदारी माझी. मोटारसायकलींचा यात काडीचा संबंध नाही."

ढमढेरे मागून काही बोलायला लागला, मी त्याला हाताने गप्प केलं. हारुणने कपाळावर हात मारून घेतला.

मॅडम म्हणाल्या, "पण त्या पुढे होत्या म्हणून धोका वाढला, असं नाही वाटत तुम्हाला? लेन रिकामी असती तर?"

"लेन रिकामी असती तर मी सरळ चौकात घुसलो असतो, मॅडम. टँकरवर, नाहीतर व्हॅनवर. आत्ता आपण इथं बसलो नसतो, पोरांच्या आईबापांसमोर उभे असतो." माझा आवाज चढला, तो मी चढू दिला. "मी वर्षभर सांगत होतो, यांना आत घेऊ नका. आज सांगतो, घ्या. माझा ब्रेक गेला तेव्हा या लोकांनी माझ्यासाठी स्वतःच्या अंगाचा ब्रेक केला. बिल्ला नाही मिळाला तरी चालेल."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग भिंतीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ते वैजूचं नव्हतं, ढमढेरेचं होतं.

त्या दिवशी लेन बंद झाली नाही. महिना पुरा झाला, पुढे आणखी महिने झाले आणि शेवटी ती मोटारसायकलींना कायमची खुली झाली. हारुण आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी तो कारखान्याच्या मैदानावर उभा असलेला मला दिसला. मोटारसायकलवाल्यांना रामरामाचा हॉर्न शिकवत होता आणि 'असा नाही वाजवायचा, कोंबडं दाबल्यासारखा' म्हणून त्यांच्यावर खेकसत होता. नंतर डेपोतले सगळेच ड्रायव्हर आळीपाळीने जाऊ लागले. आमची बोली, ती बिघडलेली कशी खपवून घेणार?

माघात माझी निवृत्ती आली. बिल्ला नव्हता. मी इंदुमतीला म्हटलं होतं, भिंतीवर त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत कॅलेंडर लाव. डेपोत छोटा समारंभ होता, शाल आणि श्रीफळ. मॅनेजरांनी शाल पांघरली. श्रीफळ द्यायला हारुण पुढे आला. मी नारळ हातात घेतला आणि पाहिलं, त्याच्या शेंडीला वाळलेला झेंडू चिकटलेला होता.

"तोच आहे," ढमढेरे म्हणाला. "मी देवळीत ठेवला होता. फोडायचा राहिलाय."

सगळा डेपो हसत होता, मीही हसत होतो. मॅनेजर म्हणाले, "भेगडे, बिल्ला देणं माझ्या हातात नव्हतं. हे मात्र होतं." आम्ही फाटकाबाहेर आलो. बाहेर लेनच्या कडेने मोटारसायकली उभ्या होत्या, पार थांब्यापर्यंत. सगळ्यांत पुढे पिवळं हेल्मेट. मी माझ्या बसच्या पुढच्या चाकापाशी दगड मांडला आणि नारळ फोडला. पाणी आटून आत खोबऱ्याचा गोटा झाला होता. ढमढेरेने त्याचे नखाएवढे तुकडे केले आणि ते आत-बाहेर सगळ्यांना पुरले. मग कुणीतरी सुरुवात केली आणि सगळ्या रस्त्याने हॉर्न दिला, एक आखूड, एक लांब. एकानेही चुकवला नाही. चांदीचा बिल्ला मी अजून कुणाकुणाच्या छातीवर बघतो, पण असा रामराम कुणाला मिळालेला पाहिला नाही.

घरी मी वैजूच्या मागे बसून गेलो. शाल अंगावरच होती, वाऱ्याने उडत होती. ती थांब्यापासून बसच्या लेनमध्ये शिरली. पुलाचा माथा ओलांडला, उतार लागला, आणि मागून जड इंजिनाचा आवाज यायला लागला. हारुणची दुपारची फेरी होती.

"आबा, मुलाणीकाकांची बस आहे मागं," वैजू म्हणाली. "भीती वाटते का?"

मागून हॉर्न आला, एक आखूड, एक लांब. मी डावा हात वर केला. मागे वळून पाहिलं नाही.